शब्दचर्चा : दीर्घिकेभोवतालच्या वायूत ‘धातू’ की ‘जड मूलद्रव्ये’?

वाशीकर :
नेरूळच्या एका खगोल प्रदर्शनाचे फलक मराठीत करतोय. एक वाक्य अडलंय : ‘दीर्घिकेभोवतालच्या वायूत धातूंचं प्रमाण सूर्याच्या एक दशांश आहे.’ दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा अवाढव्य समूह. मूळ मजकुरात ‘मेटल्स’ असून कार्बन, ऑक्सिजन, निऑनही त्यातच मोजलेत. तपासणाऱ्यांनी ‘ऑक्सिजन धातू नाही’ म्हणून लाल रेघ मारली. काय लिहावं?

पाचपाखाडी :
‘जड मूलद्रव्ये’. खगोलात हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेलं सगळं ‘मेटल’. सूर्याच्या वस्तुमानात त्याचा वाटा एक-दोन टक्के, त्यातही पहिला नंबर ऑक्सिजनचा. रबाळे-तळोज्यात कास्टिंग-प्लेटिंग करणारी माणसं हा फलक वाचणार. त्यांच्या लेखी धातू म्हणजे लोखंड, तांबं, जस्त.

घणसोली :
त्याच माणसांना ‘जड’ म्हटलं की शिसं, पारा, कॅडमियम आठवेल, सांडपाण्याच्या अहवालात ‘जड धातू’ तेच असतात. ‘धातू’च ठेवा, पहिल्या उल्लेखाला खुलासा द्या. मूळ ‘धा’, धारण करणं. आयुर्वेदात रस-रक्त-मांस धरून सात धातू, व्याकरणात क्रियापदाचं मूळ. शब्दाचा सातबारा एकट्या रसायनशास्त्राच्या नावावर नाही.

पाचपाखाडी :
फलकासमोर वाचक दोन मिनिटं थांबतो. त्याला व्युत्पत्ती नको, अर्थ हवा.

कोपरी :
शब्दाआधी वाक्य बघा. ‘एक दशांश आहे’ हे थेट मोजलेलं नसतं. मागच्या क्वेसारचा (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा) प्रकाश या वायूतून येताना शोषणरेषा, म्हणजे वर्णपटात काळ्या रेघा, उमटतात : हायड्रोजनची लायमन-अल्फा १२१.६ नॅनोमीटरला, पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची जोडी १०३.२ आणि १०३.८ला, तीन गमावलेल्या कार्बनची १५४.८ आणि १५५.१ला. हा अतिनील पट्टा वातावरण अडवतं, म्हणून जवळच्या दीर्घिकांसाठी हबल अवकाश दुर्बिणीवर २००९ साली बसवलेला कॉस वर्णपटमापक लागतो. दूरच्यांच्या रेषा ताम्रसृतीने, म्हणजे तांबड्या बाजूला सरकून, दृश्य प्रकाशात येतात, तिथे जमिनीवरची दुर्बीण पुरते.

रेषेतून कळतो तो तेवढा एक आयन, म्हणजे ठरावीक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. हायड्रोजनचा बहुतांश इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो आणि त्याची रेषाच उमटत नाही. इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या, म्हणजे उदासीन, किंचित अंशावरून एकूण काढायचं, त्यासाठी आसपासच्या अतिनील किरणांची तीव्रता गृहीत धरावी लागते. गृहीत बदललं की उत्तर बदललं. लायमन-अल्फाचा तळ शून्याला टेकला, म्हणजे रेषा संपृक्त झाली, की हायड्रोजन किती हे तिच्यावरून नीट कळत नाही. मग त्याच मालिकेतल्या क्षीण रेषा किंवा ९१.२ नॅनोमीटरची कडा बघायची. हायड्रोजन कमी धरला गेला तर धातू फुगून दिसतात. उलट लोह धुळीच्या कणांत अडकलं की वायूत कमी भरतं. जस्त त्यामानाने कमी अडकतं. तेव्हा ‘सुमारे एक दशांश असावं’ असं लिहा.

वाशीकर :
मूळ तक्त्यात ‘−१’ आहे. तसंच ठेवू?

कोपरी :
नको. ते लॉगमधलं, म्हणजे दहाच्या घातांकातलं आहे, ० म्हणजे सूर्याइतकं, −१ म्हणजे दशांश, −२ म्हणजे शतांश. फलकावर उणे प्रमाण कोणाला कळायचं नाही.

घणसोली :
‘ताम्रसृती’ चालते ना? त्यातला ताम्र म्हणजे तांबं की तांबडा, हे वाचक संदर्भानेच ओळखतो. ‘धातू’चंही तसंच होईल. माझी हरकत ‘भोवतालच्या वायू’ला आहे. परिक्रमा, परिघ, परिसर यांतला ‘परि’ आयता आहे : ‘परिदीर्घिकीय माध्यम’ म्हणा.

पाचपाखाडी :
सहा अक्षरी विशेषण, तेही दीर्घिकेला जोडून! संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. एम८७ ही दीर्घिका तर जवळपास गोल आहे.

घणसोली :
मग तिला काय म्हणाल? ‘आकाशगंगा’ म्हणू नका, ते आपल्या एकीचंच नाव.

कोपरी :
हिंदीत सर्रास सगळ्यांना म्हणतात. पण ‘माध्यम’ला माझी संमती. तो बहुतेक सगळा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू आहे, नुसतं ‘वायू’ ढिलं पडतं.

पाचपाखाडी :
‘माध्यम’ वाचून शाळेचं मराठी माध्यम आठवेल. ‘वायू’च बरा.