हरलेल्या सरकारचं दप्तर कुणाकडे राहावं?

बारनिशी

यादवी युद्धात हरलेल्या सरकारचे कागद जिंकणाऱ्याने जप्त केले, तर पुढे ते परत द्यावेत का? माझं मत स्पष्ट आहे. मूळ कागद वाटून टाकू नयेत. गठ्ठा जसा आहे तसा एका जागी राहावा आणि प्रती मागेल त्याला पूर्ण द्याव्यात. अमेरिकेच्या उदाहरणावरून मांडतो.

२ एप्रिल १८६५ च्या रात्री अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारने राजधानी रिचमंड सोडली. काही दप्तर रेल्वेने बाहेर पडलं, काही मुद्दाम जाळलं गेलं, काही शहराच्या आगीत गेलं. युद्धखात्याचा मोठा भाग शार्लटला पोचला. तिथे दक्षिणेचा अ‍ॅडज्युटंट जनरल (सैन्याचा मुख्य प्रशासकीय अधिकारी) सॅम्युएल कूपर याने तो न जाळता उत्तरेच्या सैन्याच्या हवाली केला. हा निर्णय झाला नसता तर आज आपण या विषयावर बोलत नसतो. जुलै १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने जप्त कागदांसाठी वेगळं कार्यालय उघडलं आणि फ्रान्सिस लीबरला तिथे बसवलं. १८६३ ची युद्धनियमावली लिहिणारा तो हाच लीबर.

कार्यालयाचा पहिला हेतू इतिहासाचा नव्हता, हे मान्य. अध्यक्ष लिंकनच्या खुनात दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा हात होता का, याचा पुरावा शोधायचा होता. तो मिळाला नाही. पुढे १८७१ पासून दक्षिणेतल्या, पण उत्तरेशी 'एकनिष्ठ' म्हणवणाऱ्या नागरिकांच्या भरपाईचे २२,२९८ दावे आले. उत्तरेच्या सैन्याने आमचा मका नेला, घोडे नेले, पैसे द्या. कारकून जप्त दप्तरात दावेदाराचं नाव शोधत. त्याने दक्षिणेच्या सैन्याला माल विकल्याची पावती निघाली की त्याची एकनिष्ठा तिथेच संशयात. १८७२ मध्ये कॉन्फेडरेट परराष्ट्र खात्याचे कागद सरकारने ७५,००० डॉलर मोजून विकत घेतले, तेही याच कामासाठी.

पण त्या पावत्या आज कशाच्या कामी येतात बघा. नागरिक आणि व्यापारी पेढ्यांची ती फाइल मायक्रोफिल्मच्या १,१५८ रिळांवर आहे. कुठल्या गावाने किती धान्य दिलं, तटबंदीच्या कामावर कुणाचे गुलाम भाड्याने लावले आणि भाडं मालकाने घेतलं, हे सगळं त्यात येतं. हाच गठ्ठा दक्षिणेच्या अकरा राज्यांनी आपापला वाटा म्हणून फोडून नेला असता, तर अकरा याद्या आणि अकरा नियम झाले असते. मधल्या जागेत किती गहाळ झालं असतं, ते कुणालाच कळलं नसतं.

संदूक

बारनिशी, तुम्ही अमेरिका निवडलीत कारण तिथे तुमची बाजू सोपी जाते. स्पेन घ्या.

तिथल्या यादवीत जिंकलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने १९३८ मध्ये कागद गोळा करण्यासाठी खास कचेरी काढली. शहर पडलं की सैन्यामागोमाग तिची माणसं शिरत आणि पक्ष, कामगार संघटना, मेसन (फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेची) मंडळं, कॅटालोनिया प्रांताच्या म्हणजे कॅटलन सरकारची खाती, खासगी घरं, जिथे कागद दिसेल तिथून उचलत. सगळं सालामांका शहरात नेलं. तिथे कागद वाचून माणसागणिक कार्डं बनवली, सुमारे तीस लाख. संघटनेची वर्गणीची पावती, सभेच्या इतिवृत्तातलं नाव, वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र, कशावरूनही कार्ड. १९४० मध्ये मेसन आणि कम्युनिस्टांविरुद्ध विशेष न्यायालय बसलं, त्याला पुरावा इथूनच जायचा.

हे दप्तर 'जसं आहे तसं एका जागी' म्हणजे नेमकं कसं? जप्त केलेल्या कागदांचे विभाग जागेवरून पडले होते: बार्सिलोना, माद्रिद, सांतांदेर. कागद कुणी तयार केला यापेक्षा तो कुठे हाती लागला, हे महत्त्वाचं. एखाद्या संघटनेचे कागद तीन शहरांत सापडले तर ती संघटना तीन ठिकाणी फुटली. हा पोलिसी क्रम आहे. तो जपणं म्हणजे दप्तर जपणं, हे मला पटत नाही. २००५ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी २००६ मध्ये पहिल्या ५०० पेट्या सालामांकाहून कॅटलन सरकारसाठी निघाल्या. प्रती सालामांकाला ठेवायच्या असं कायद्यातच होतं. चिडलेल्या नगरपालिकेने अभिलेखागाराच्या रस्त्याला 'लूट' या अर्थाचं नाव दिलं. लूट कुठली? १९३९ ची की २००६ ची?

ज्याच्या बापाचं पत्र पुरावा म्हणून उचललं गेलं, त्याला मूळ पत्र हातात हवं. त्याला झेरॉक्स देऊन भागत नाही.

तिघडी

दोघेही क्रमाबद्दलच बोलताय, पण कागद हाताळताना क्रम म्हणजे काय असतो ते नीट समोर ठेवू.

कॉन्फेडरेट युद्धमंत्र्याच्या कचेरीत पत्र आलं की कारकून ते आडवं तीन घड्यांत दुमडायचा. बाहेर आलेल्या अरुंद पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव, ठिकाण, तारीख, दोन-तीन ओळींत आशय आणि नोंदवहीतला क्रमांक. मग तेच पत्र खात्याखात्यांतून फिरायचं आणि प्रत्येक जण पाठीवर शेरा लिहायचा: अमक्याकडे मतासाठी, मत सोबत, परत, नामंजूर. कधी त्यात डेव्हिसचा स्वतःचा दोन ओळींचा शेरा. पत्र आत आहे, निर्णय पाठीवर आहे. ही आवक पत्रं १५१ रिळांवर आहेत. पडद्यावर वाचणारे पुष्कळ जण समोरची बाजू वाचून पुढे सरकतात, आणि 'सरकारने दुर्लक्ष केलं' असं लिहून मोकळे होतात. उत्तर मागच्या पानावर असतं.

म्हणून संदूक, परत द्यायलाही माझी हरकत नाही, पण आधी काय करायचं ते ऐका. प्रत्येक पानावर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक, कोऱ्या बाजू धरून. शाईचं पेन टेबलावर येताच कामा नये. पत्र आणि त्याची सहपत्रं एकाच घडीत आहेत तोवर यादी करायची, कारण एकदा वेगळी झाली की 'सोबतचा तक्ता' कुठला ते कायमचं जातं. घडी जोरात उघडायची नाही. हिराकस आणि मायफळाच्या शाईने कागद आतून खाल्लेला असतो, विशेषतः जाड रेघांवर, आणि सुकी घडी उघडताना तिथेच तुटतो. आधी दमट हवेत हळूहळू सैल करायचा. तेही जपून, कारण जास्त ओलाव्याने हीच शाई पसरते आणि आणखी खाते. मग दोन्ही बाजूंचं चित्रण, रंगपट्टी आणि मोजपट्टी चौकटीत ठेवून. कागद निघाला त्या जागी कोणता क्रमांक, कधी, कुणाकडे गेला याची चिठ्ठी. हे सगळं झाल्यावर पेटी हलवायची.

आणि बारनिशी, वॉशिंग्टनने गठ्ठा 'जसा होता तसा' ठेवला हे खरं नाही. बांधीव वह्यांना त्यांनी नवी प्रकरणं दिली: वैद्यकीय खातं प्रकरण ६, युद्धमंत्री प्रकरण ९. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजेरीपट, पगारपत्रकं, इस्पितळाच्या वह्या यांतून एकेका शिपायाच्या नावाची कार्डं उतरवून पाकिटांत घातली. पाकीट वाचणाऱ्याला माणूस सापडतो, पण त्या दिवशी पलटणीत किती हजर होते ते दिसत नाही. त्यासाठी मूळ हजेरीपटाकडेच जावं लागतं. कारकुनाने नाव चुकीचं वाचलं असेल तर एका माणसाची दोन पाकिटं होतात.

बारनिशी

तिघडी, कार्डांचा मुद्दा मान्य. 'जसा आहे तसा' हे मी सैलपणे लिहिलं.

संदूक, खासगी माणसाचं पत्र, संघटनेची वही, हे परत जावं, यावर तुमच्याशी वाद नाही. सरकारी पत्रव्यवहाराचं वेगळं आहे. जॉर्जियाच्या गव्हर्नरने डेव्हिसला पत्र लिहिलं. पाठवल्याची नोंद जॉर्जियाच्या दप्तरात, पोचलेलं पत्र वॉशिंग्टनला. जॉर्जियाने तेही मागितलं तर एकाच दप्तरात दोन्ही टोकं येतात आणि मधलं, म्हणजे रिचमंडमध्ये त्यावर कुणी काय शेरा मारला ते, युद्धखात्याच्या बाकी कागदांपासून तुटतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. वॉशिंग्टनने कागद ठेवले हे ठीक, पण १८७८ पर्यंत दक्षिणेच्या लोकांना ते बघू दिले नाहीत हे वाईट झालं. त्या काळात दक्षिणेच्या माजी सेनापतींनी स्वतःची इतिहास संस्था काढली, १८७६ पासून स्वतःचं नियतकालिक छापलं आणि आठवणींवर आधारलेला इतिहास रुजवला. त्यात गुलामगिरी हे युद्धाचं कारणच नव्हतं. १८७८ मध्ये मार्कस राइट या माजी कॉन्फेडरेट सेनापतीलाच नेमून दक्षिणेतून उरलेले कागद गोळा करायला लावले, आणि १८८० ते १९०१ मध्ये १२८ ग्रंथांचा सरकारी संग्रह छापला. नियम एकच: कागद युद्धकाळात लिहिलेला हवा, नंतरची आठवण चालणार नाही. ही प्रकाशनाची शिस्त माझ्या दृष्टीने मालकीपेक्षा मोठी. फक्त ती पंधरा वर्षं उशिरा आली.

कोरा कागद

तुम्ही तिघेही सरकारी दप्तरावर अडलात. नेत्यांचे कागद त्यात नव्हतेच.

त्या काळी अमेरिकेत अध्यक्षाचे कागद त्याची खासगी मालमत्ता. १९७८ चा कायदा येईपर्यंत हीच रीत. म्हणजे हरलेल्या डेव्हिसच्या सरकारचे कागद पुरावा म्हणून जप्त, आणि जिंकलेल्या लिंकनचे कागद मुलाच्या ताब्यात. रॉबर्ट लिंकनने ते आधी दोन माजी सचिवांना चरित्रासाठी दाखवले, मजकुरावर कात्री चालवण्याचा हक्क राखून. १९२३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. तो २६ जुलै १९२६ ला गेला आणि पेट्या २६ जुलै १९४७ ला उघडल्या. खुनानंतर ८२ वर्षं. मधल्या काळात रॉबर्टने काय जाळलं याच्या वावड्या उठत राहिल्या. उघडल्यावर खळबळजनक काही निघालं नाही. बहुतांश आलेली पत्रं होती, कारण लिंकनने लिहिलेली पत्रं साहजिकच ज्यांना लिहिली त्यांच्याकडे. हरलेल्यांवर तेरा वर्षं बंदी होती म्हणून बारनिशी चिडतात, पण जिंकलेल्याचं दप्तर त्याच्या सहापट काळ बंद राहिलं, त्यावर कुणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट. २ जानेवारी १८६४ ला दक्षिणेच्या सेनापती पॅट्रिक क्लेबर्नने जॉर्जियात डाल्टनला आपल्या वरिष्ठांसमोर निवेदन वाचलं: गुलामांना सैन्यात घ्या आणि त्यांना मुक्त करा. डेव्हिसपर्यंत गेल्यावर त्याने ते दाबायला सांगितलं आणि प्रती नष्ट झाल्या. सरकारी दप्तरावरच विसंबलो असतो तर ते गेलंच होतं. सुमारे पंचवीस वर्षांनी एका अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत एक प्रत निघाली. ती १८९८ मध्ये त्याच सरकारी संग्रहाच्या पुरवणी खंडात, ५२ व्या खंडाच्या दुसऱ्या भागात छापली गेली. म्हणजे विखुरलेल्या खासगी कागदाने सरकारी दप्तर दुरुस्त केलं.

संदूक

हेच मला म्हणायचं होतं. एका जागेचा धोका बघायचा तर डब्लिन बघा. जून १९२२, आयर्लंडच्या यादवीची सुरुवात, फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आवारातलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेतलं जवळजवळ सगळं संपलं. २०२२ मध्ये त्याची आभासी पुनर्बांधणी खुली झाली, ती कशावर? इतर अभिलेखागारांत पडून राहिलेल्या नकला आणि उताऱ्यांवर. बारनिशींचा एक गठ्ठा त्या दिवशी तिथे असता तर?

तिघडी

म्हणून तर नकल वेगळ्या इमारतीत हवी, आणि ती मुळाशी ताडून बघता यायला हवी. त्याला आगच लागावी असं नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लिंकनने एका शिपायाला दिलेला माफीचा कागद आहे. त्यावर १४ एप्रिल १८६५ ही तारीख दिसल्याने तो लिंकनच्या शेवटच्या कामांपैकी एक म्हणून गाजला, कारण त्याच रात्री त्याला गोळी लागली. नंतर एका अभिलेखपालाला वर्षातला ५ बाकीच्या अंकांपेक्षा गडद दिसला आणि त्याखाली दुसऱ्या अंकाची रेघ दिसली. लिंकनच्या समग्र लेखनाची १९५० च्या दशकातली छापील आवृत्ती काढली, तर त्यात वर्ष १८६४. कुणीतरी ४ वर ५ गिरवला होता. अभिलेखागाराने हे २०११ मध्ये जाहीर केलं. छापील नकल होती म्हणून खोट सिद्ध झाली, आणि मूळ कागद होता म्हणून गिरवलेला अंक दिसला.

संदूक, कॅटलन सरकारला गेलेल्या पेट्यांबद्दल मला एवढंच विचारायचं आहे की सालामांकाला ठेवलेल्या प्रतींत पानांच्या कोऱ्या बाजू आहेत का. त्या नसतील, तर तिथल्या वाचकाला पाठीवर काही नव्हतं की टिपायचं राहिलं, हे कळायचा मार्ग नाही.