दर तिघा निरक्षरांत दोघी बाया, असं का?

गोदाकाठ
जगातल्या प्रौढ निरक्षरांत दर तिघांमागं दोघी बाया. निरक्षरांचा टक्का घटला, पण युनेस्कोच्या आकड्यांत हा वाटा कित्येक वर्षं जागचा हलला नाही. लॅटिन अमेरिकेत बाई-पुरुषात फरक जवळपास नाहीच. दरी आहे ती दक्षिण आशियात, सहाराच्या खालच्या आफ्रिकेत, अरब देशांत. आणि आपल्या जालन्यात: २०११ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता ८० टक्क्यांच्या वर, बायांची ६१ च्या आसपास. सगळे गरिबीवर ढकलतात. मला ते पटत नाही. घरानं कामाला कुणाला जुंपलं, त्यावर ठरतं.

निवृत्त गुरुजी
एवढं सोपं नाही ते. त्या आकड्यात सत्तरीच्या म्हाताऱ्याही धरल्यात. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, शाळा मोजक्या, त्यातही उर्दूचा जोर. माझी आई शाळेची पायरी चढली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या वर्गात पोरी सतरा, पोरं चौदा. जुनी पिढी सरली की दरी बुजेल.

ऊसफड
गुरुजी, सतरा पटावर. दसरा झाल्यावर किती?
ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की आमच्याकडं अख्खं घर साखर कारखान्याला जातं. पोरगा आजीपाशी ठेवतात, त्याची शाळा बुडायला नको म्हणून. पोरीला संगं नेतात, फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकटं लेकरू सांभाळायला. माझी बहीण चौथीपर्यंत पटावर होती. आज तिला एसटीची पाटी वाचता येत नाही, कंडक्टरला इचारून चढती. पण जनगणनेत ती साक्षर! मोजायला आलेल्यांना दाजींनी दारातूनच सांगितलं, "सही येते की तिला." समजून वाचता-लिहिता आलं तर साक्षर, असा नियम आहे म्हणे.

लातुरी
हे गड्यांनाही लागू आहे की. मोंढ्यात या, आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबावर, झोकात सही करणारे दाखवतो, हमाली-तोलाई किती कापली ते वाचता येत नाही. दर वेळी बायांचंच रडगाणं कशाला? गुरुजींचं बरोबर आहे, काळ जाऊ द्या.

गोदाकाठ
नुसत्या काळानं होत असतं तर लेसोथोचं काय? दक्षिण आफ्रिकेनं चहूबाजूंनी वेढलेला डोंगराळ, गरीब देश. तिथं बाया पुरुषांपेक्षा जास्त साक्षर आहेत. कारण गुरं-मेंढरं घेऊन डोंगरात जायचं ते पोरांनी, मोठं झालं की खाणीत. पोरी गावात राहिल्या, शाळेत गेल्या. गरिबी आपल्यासारखीच, उलटं झालं ते एवढ्यानं.

निवृत्त गुरुजी
लेसोथोचं राहू द्या. गुरं आमच्याकडंही पोरंच वळायची, मी स्वतः वळलीत. तरी शाळेत मलाच घातलं, बहिणीला नाही. आता बसवा तुमचं कामाचं गणित.

ऊसफड
गुरुजी, राग मानू नका. तुम्ही शाळेत असताना गुरं कोण बघायचं?

निवृत्त गुरुजी
आक्का.
रविवारी मी.