जंगलमातीतला कर्ब: मायकोरायझाची भुकटी घालावी का?

सत्तरीकर: कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला एकरभर जुनं रान आहे, किंदळ, माट्टी, नाणो अशा झाडांचं. तिथल्या मातीतला कर्ब (कार्बन) टिकवायचाय. मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची, भुकटी टाकू का? आणि पाला शेवटी कुजून हवेतच जातो, तर मग साठतं काय?

जांभी माती: भुकटी नको. जुन्या रानात मुळांवरची बुरशी आधीच असते, बाहेरून आणलेल्या एक-दोन जाती तिथे सहसा तग धरत नाहीत. रोपवाटिकेच्या पिशवीत किंवा खाणीच्या टाकाऊ ढिगावर, जिथे मूळची माती उरलेलीच नाही, तिथे ती कामाची. तीही लावताना मुळाला लागेल अशी. वरून भुरभुरून फुकट जाते. सोबत सुपर फॉस्फेट ओतू नका. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) आयता मिळाला की झाड बुरशीला साखर देणं आखडतं.

पाल्यातला बराचसा कर्ब हवेत जातो, हे खरंच. टिकणारा बराचसा भाग वेगळ्या वाटेने येतो. मुळांतून मिळालेल्या साखरेवर बुरशीचे तंतू वाढतात आणि लवकर मरतात. त्यांचे अवशेष, शिवाय मेलेले जिवाणू, लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटतात. आपली माती तांबडी करतं तेच हे लोह! चिकटलेल्या कणांपर्यंत जिवाणूंची विकरं (कुजवणारी एन्झाइम्स) सहज पोचत नाहीत, म्हणून तो कर्ब दशकं, कधी शतकंही राहतो. जेसीबीने माती उलथली की मात्र कणांचे गोळे फुटतात, हवा शिरते आणि जिवाणू जुना साठा खाऊ लागतात. पाला जाळला तर तंतूंचा वरचा थरही जातो.

किंदळ: एक दुरुस्ती. वनस्पती दरवर्षी मायकोरायझाला सुमारे 13 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब देतात, हा 2023 चा अंदाज सगळीकडे ‘साठा’ म्हणून फिरतोय. तो बुरशीकडे गेलेला कर्ब आहे. त्यातला किती टिकतो हा वेगळा हिशेब. आणि रोयणीची अळमी (वारुळावर उगवणारी अळंबी) यात धरू नका. ती वाळवीने पोसलेली बुरशी, पाला-लाकूड पचवून कर्ब उलट हवेत सोडते.

सत्तरीकर: मग मोजायचं कसं?

जांभी माती: 30 सेंमीपर्यंत थरांनी नमुने घ्या, घनतेसाठी ठरावीक आकाराची लोखंडी कडी ठोका. माती 2 मिमी चाळणीतून काढा. सेंद्रिय कर्ब टक्के × बारीक मातीची घनता × खोली सेंमीत = टन प्रति हेक्टर. 2 टक्के, घनता 1.1 (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि 30 सेंमी घेतले तर 66. पण जांभ्यात आकारमानाने 40 टक्के खडे निघाले तर तो आकडा 40 टनांच्या आसपास येतो. खडे वजा करायला विसरलात की रान कागदावर दीडपटीहून जास्त श्रीमंत होतं. पुढच्या वेळी नमुने त्याच महिन्यात घ्या.