मोठ्या जेटने व्हिज्युअल पॅटर्न मारणं टाइमपास आहे का?

सड्यावरचा_सिमर:
काल इथे एकाने टाकलं की "सिमवर (कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर) सात-तीन-सातने (बोइंग ७३७ ने) पॅटर्न मारत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास, खऱ्या एअरलाइनमध्ये कोणी मारत नाही, त्यापेक्षा आयएलएस नीट शिका." वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितोय. पॅटर्न म्हणजे टेकऑफ करून, डोळ्यांनी रनवे बघत त्याच्याभोवती चौकोनी फेरी मारून परत उतरणं; आयएलएस म्हणजे रेडिओ सिग्नलवर चालणाऱ्या सुया बघून उतरणं. मी चिपीला, आपल्या सिंधुदुर्ग विमानतळावर, रनवे ०९ (पट्टीवर पूर्वेकडे तोंड) वरून डावा पॅटर्न मारतो. ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल (इंजिनची पॉवर आपोआप सांभाळणारा), फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे न्यायचं ते पडद्यावर दाखवणारा) सगळं बंद. पूर्वेला टेकऑफ, डावीकडे वळून सड्यापासून (विमानतळ आहे त्या खडकाळ पठारापासून) १५०० फूट, मग पश्चिमेकडे डाउनविंड (रनवेला समांतर, उलट्या दिशेने), कर्लीची खाडी आणि तारकर्ली आजूबाजूला, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ५ वर. थ्रेशोल्ड (रनवेची उतरायची सुरुवात) बाजूला आला की गिअर (चाकं) खाली, फ्लॅप १५ आणि घड्याळ सुरू. १०० फुटाला ३ सेकंद, म्हणजे १५०० ला ४५, मागून वारा असेल तर दर नॉटला (ताशी एक सागरी मैल) एक सेकंद कमी. मग बेस (रनवेच्या रेषेकडे आडवं जाणं), आणि समुद्रावरून वळून फायनल (सरळ रनवेकडे उतरणं). पाच-सात मिनिटांत टेकऑफ, लेव्हल ऑफ (उंची धरणं), ट्रिम (हातावरचा जोर काढणं), कॉन्फिगरेशन (फ्लॅप-गिअर), लँडिंग सगळं हातातून जातं. आयएलएसला वीस मिनिटं बसून बटणं दाबायची आणि शेवटच्या ५०० फुटांत काय ते उडवायचं. हात कधी बसणार? ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचं ट्रिपल सेव्हन (बोइंग ७७७) कसं पडलं आठवा. लख्ख ऊन, रनवे २८ लेफ्टचा ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उतार दाखवणारा सिग्नल) बंद, व्हिज्युअल अप्रोच, म्हणजे डोळ्यांनी बघून उतरणं. स्पीड हवा होता १३७ नॉट, आदळायच्या आधी १०३ च्या आसपास आला होता. तीन जीव गेले. आणि म्हणे टाइमपास.

कुडाळ_जंक्शन:
ती पोस्ट माझीच, आणि एक शब्द बदलणार नाही. एशियाना पॅटर्नमध्ये नव्हतं, सरळ फायनलला येत होतं. ऑटोथ्रॉटल होल्ड मोडमध्ये गेला होता, म्हणजे स्पीड सांभाळतच नव्हता, आणि पायलट मात्र तो सांभाळेल असं धरून चालले, म्हणजे जी सिस्टीम तू बंद करून ठेवतोस तीच नीट कळली नव्हती. दुसरं, थ्रेशोल्ड बाजूला आल्यावर रनवे असतो तुझ्या डाव्या खांद्याकडे. खऱ्या कॉकपिटमध्ये मान वळवून दिसतो. तुझ्या २४ इंची मॉनिटरवर हॅट स्विचने (जॉयस्टिकवरच्या बटणाने) व्ह्यू फिरवलास की समोरचे आकडे गायब, परत फिरवेपर्यंत दोनशे फूट इकडेतिकडे. मग तू करतोस काय, घड्याळ बघून वळतोस. याला व्हिज्युअल म्हणायचं? त्यात तुझा बेस समुद्रावर, खाली नुसतं पाणी, अंदाज कशावरून घेणार?

वेंगुर्लेकरीण:
दादा, हेड ट्रॅकिंग म्हणून एक गोष्ट असते, डोकं वळवलं की व्ह्यू वळतो, मी तेच वापरते. पण सड्यावरच्या दादांनाही सांगते, मोठ्या जेटवर डायरेक्ट उडी नको. आधी सेसना १७२ ने (छोट्या एका इंजिनच्या विमानाने) १००० फुटावर पॅटर्न बसवा, बेसला वळताना रनवे काचेत कुठे दिसायला हवा ते चित्र डोळ्यात बसलं पाहिजे. जेटमध्ये पॉवर मागितल्यावर इंजिन स्पूल होईपर्यंत (वेग घेईपर्यंत) वेळ जातो, तोवर तुम्ही खाली गेलेले असता. चित्रच माहीत नसेल तर काय दुरुस्त करणार.

देवगडचो_माणूस:
तुमी घरात बसून चिपीक उतरतास ता बरा आसा, आमी तिकीट काढून पण उतरूक नाय. घरात लगीन होता, इमान रद्द झाला, आदल्या राती मेसेज. शेवटाक गोव्यात उतरलंय, थयसून गाडी करून घराक, लगीन लागान गेल्लां. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढो गाजावाजा करून विमानतळ उघडलो, २५०० मीटरची पट्टी बांधल्यानी, आणि आमका काय?

कुडाळ_जंक्शन:
काका, विषय वेगळा होता, पण बोललात ते खरं आहे. मी तर म्हणतो विमानतळ हवाच होता कोणाला? २०११ पासून मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण चाललंय. आधी तो पूर्ण करा.

सड्यावरचा_सिमर:
हे बरं आहे. हायवे रखडला म्हणून विमानतळ नको? माझ्या आईला मुंबईला उपचाराला न्यायचं होतं तेव्हा ट्रेनची वेटिंग लिस्ट हलेना आणि रस्त्याने बारा तास तिला बसवणं शक्य नव्हतं. विमान होतं म्हणून पोचलो. तुझ्या घरात कोणी आजारी नाही म्हणून बोलतोयस.

कुडाळ_जंक्शन:
घरच्यांवर जाऊ नकोस. आमच्या मावशीची गुरं त्या सड्यावर चरायची, तिला विचार विमान कधी चढलीस का. गावात आजारी माणसाला विमान लागत नाही, जवळ डॉक्टर असलेलं हॉस्पिटल लागतं.

वेंगुर्लेकरीण:
दोघेही थांबा. गणपतीला रेल्वेची तिकिटं उघडल्याउघडल्या संपतात, हायवेवर लोक रात्रभर अडकतात, विमान आलं तर आलं. तिन्ही गोष्टी हव्यात, त्यात एकमेकांच्या आयामावश्या कशाला?

देवगडचो_माणूस:
बरोबर बोललंस गो बाय. आणि आंब्याचा काय? पेटी सकाळी विमानात घातली तर दुपारी मुंबईत. इमानच रोज नाय तर पेटी घालतलंय कित्याक?

हँगरमधले_काका:
मी आयुष्यभर हँगरमध्ये विमानांची देखभाल केली, आता मालवणात असतो. मूळ मुद्द्यावर बोलतो. खऱ्या विमानात कोणी पॅटर्न मारत नाही हे अर्धवट आहे. प्रवासी घेऊन नाही मारत. पण नवीन पायलट मुलं टाइप रेटिंगला (त्या जातीचं विमान उडवायच्या परवान्याला) आली की सिम्युलेटर झाल्यावर त्यांना रिकामं विमान घेऊन बेस ट्रेनिंगला नेतात, तिथे हेच करतात, सर्किट (म्हणजे पॅटर्नच) आणि टच अँड गो (चाकं टेकवून न थांबता परत टेकऑफ). चाकं टेकली की इन्स्ट्रक्टर फ्लॅप १५ वर आणतो, ट्रिम परत लावतो, मग पॉवर. स्पीडब्रेक (पंखांवरच्या, वेग मारणाऱ्या पट्ट्या) आर्म करायचे नाहीत, रिव्हर्स (इंजिनचा उलटा जोर) ओढायचा नाही, ऑटोब्रेक बंद, कारण थांबायचंच नसतं. ती विमानं परत आली की टायर आणि ब्रेक आम्हीच तपासायचो. काळजी वाटेल असा प्रकार असतो तो, टाइमपास नक्कीच नाही.

कुडाळ_जंक्शन:
काकांनी सांगितलं म्हणून टाइमपास हा शब्द मागे घेतो, सड्यावरच्याने सांगितलं म्हणून नाही. मॉनिटरचा मुद्दा सोडत नाही. आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा रनवे २७ (तीच पट्टी, पश्चिमेकडे तोंड) वापरायचा, तुझा समुद्रावरचा देखणा बेस गेला. २७ ला काय करतोस?

सड्यावरचा_सिमर:
२७ ला पण डावाच. टेकऑफ समुद्रावर, डाउनविंड दक्षिणेकडून, बेस कुडाळच्या अलीकडे जमिनीवर, म्हणजे अंदाज घ्यायला घरं, रस्ते सगळं आहे. उजवा पॅटर्न मारत नाही कारण डाव्या सीटवरून रनवे दिसतच नाही, तिथे तुझा मुद्दा मान्य, घड्याळावरच जावं लागतं. पण घड्याळ फक्त वळायचं कधी ते सांगतं. पुढचं डोळ्यांनीच. फायनलला दोन मैलांवर ६०० फूट आहेस की ८००, फ्लॅप ३० ला साधारण ५५ टक्के एन-वन (इंजिनच्या पंख्याचा वेग) ठेवून ग्राउंडस्पीड १४० नॉटला मिनिटाला ७०० फुटांचा डिसेंट येतोय की नाही, आणि ५०० फुटाला स्थिर नसशील तर हट्ट न करता गो अराउंड (न उतरता परत वर). हे आयएलएसवर सुई बघून येत नाही.

कुडाळ_जंक्शन:
५०० ला गो अराउंड खरंच मारतोस का हा प्रश्न आहे. सिमवर सगळे खाली ओढून टेकवतात आणि इथे स्क्रीनशॉट टाकतात. रिप्ले टाक, पूर्ण, वारा १५ नॉट ठेवून. मग बोलू.

देवगडचो_माणूस:
रिप्ले नको, माझ्या पेट्यांचा कोण बोलतलो?