समुद्रसंवर्धनातली पहिली फेलोशिप: तेराव्या महिन्यात काय झालं?

समुद्रासाठी काम करू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना आता फेलोशिप बऱ्याच आहेत. अमेरिकेतली नॉस फेलोशिप १९७९ पासून चालू आहे. तिच्यात पदव्युत्तर विद्यार्थी वर्षभर वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांत आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत बसून सागरी धोरण शिकतात. 'अवर वर्ल्ड अंडरवॉटर' ही संस्था १९७४ पासून दरवर्षी मोजक्या तरुण पाणबुड्यांना वर्षभर ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांसोबत काम करायला पाठवते. शिवाय २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं सागरविज्ञान दशक, आणि त्यात या क्षेत्रात नव्यानं आलेल्यांचं एक वेगळं जाळंच विणलं गेलंय. म्हणजे अर्ज कुठे करायचा हे कुणीही सांगेल. वर्ष संपल्यावर काय होतं ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

मी स्वतः फेलो होते. गेली चार वर्षं एका निवड समितीसाठी अर्ज वाचते आहे. प्रत्येक अर्जात बारा महिन्यांचं वेळापत्रक असतं. तेराव्या महिन्याचा उल्लेख मला आजवर जेमतेम तीन-चार अर्जांत सापडलाय. समुद्री कासवांच्या काही जातींना वयात यायला वीस-पंचवीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि आपण एका वर्षाचा हिशेब मांडतो. म्हणून हा धागा. पैसे संपले, मुदत संपली, त्यानंतर तुमच्या कामाचं आणि तुमचं काय झालं? मोकळेपणानं लिहा. संस्थांची नावं नकोत.

*

धागा वाचल्या वाचल्या मला खिळे आठवले. माझं वर्ष प्रवाळांच्या सर्वेक्षणात गेलं. पहिल्याच डाइव्हला मेंटॉरनी हातात ३० मीटरची टेप आणि पाण्याखाली लिहायची स्लेट दिली आणि एवढंच म्हणाले, "आधी खिळा शोध." मी चाळीस मिनिटं शोधत होते. टाकीतली निम्म्याहून जास्त हवा त्यातच गेली. सापडला तो बोटाएवढा जाड लोखंडी खिळा. त्याच्यावर गुलाबी शैवालाचं दगडासारखं कवच चढलेलं, त्यामुळे आसपासच्या खडकातून तो वेगळा ओळखूच येत नव्हता. माझ्या नऊ वर्षं आधीच्या फेलोनं तो ठोकला होता. दरवर्षी टेप त्याच दोन खिळ्यांमध्ये ताणायची आणि दर मीटरला चौकट ठेवून फोटो काढायचा. टेप हातभर जरी सरकली तरी चौकटीत प्रवाळांच्या वेगळ्याच वसाहती येतात आणि आधीच्या वर्षांशी तुलना करता येत नाही.

त्या वर्षी पाणी तापलं. प्रवाळांवरचा ताण मोजायचं एक माप आहे, डिग्री हीटिंग वीक. त्या जागेचं उन्हाळ्यातलं जे नेहमीचं कमाल तापमान, त्याच्यापेक्षा एक अंश जास्त तापमान आठवडाभर राहिलं की एक. हा आकडा ४ झाला की ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणं, दिसायला लागतं, ८ झाला की प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरायची भीती असते. मी रोज सकाळी तो आकडा बघायचे. पाण्याखाली आधी काही वसाहती झगझगीत जांभळ्या आणि निळ्या झाल्या. इतक्या सुंदर, की नवख्या माणसाला वाटावं सगळं छान चाललंय. मग पांढऱ्या झाल्या. डोळा अगदी जवळ नेला की पारदर्शक कातडी अजून जिवंत दिसते, इवले इवले हात हलताना दिसतात. तीन आठवड्यांनी त्यांच्यावर तपकिरी लव उगवली होती. मग मी स्लेटवर 'मृत' लिहिलं. पाण्यात पेन्सिल दाबून लिहावं लागतं. तो शब्द मी त्या दिवशी एकोणतीस वेळा लिहिला.

चौथं जागतिक ब्लीचिंग एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा बातम्यांतून सगळ्यांना कळलं. पण आमच्या त्या तीस मीटरवर नेमकं काय गेलं आणि काय तगलं हे सांगता आलं, ते आधीच्या नऊ जणांनी टेप त्याच जागी ताणली म्हणून. निघण्यापूर्वी एक खिळा सैल झालेला दिसला. त्याच्या शेजारी नवा ठोकला आणि दोघांमधलं अंतर, दिशा, खोली लिहून ठेवली. तेराव्या महिन्यासाठी मी केलं ते एवढंच.

*

मी कासवांचा. रात्री साडेदहापासून पहाटेपर्यंत किनारा चालायचा, लाल दिवा, पायात काही नाही. अर्जात मी 'पिल्लांना समुद्रात सोडणे' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात माझा जास्तीत जास्त वेळ गेला फुटलेल्या अंड्यांत. पिल्लं निघून गेली की काही दिवसांनी घरटं उकरायचं, कोपरापर्यंत हात आत घालून सगळं बाहेर काढायचं आणि ढीग करायचे. रिकामी टरफलं, न फळलेली अंडी, आत वाढता वाढता मेलेली पिल्लं, आणि कधीतरी तळाशी अडकलेलं एखादं जिवंत. एका घरट्यात साधारण शंभर अंडी. वास आठवडाभर हाताला राहतो.

घरटं हलवायची वेळ आली तर मात्र घाई आणि हळुवारपणा दोन्ही एकदम लागतं. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून मेंटॉरताई प्रत्येक अंडं जसं होतं तसंच, वरची बाजू वर ठेवून उचलायला लावायच्या. पहिल्या महिन्यात माझ्याकडून एक अख्खं घरटं बिघडलं. भरतीच्या भीतीनं मी उशिरा, पहाटे, एकट्यानं अंडी हलवली. ५४ दिवसांनी उकरलं तर एकही पिल्लू निघालेलं नव्हतं. ताई रागावल्या नाहीत. वहीत कारण लिहायला लावलं, माझ्याच अक्षरात.

वाळूचं तापमान मोजायची यंत्रं पुरणं हे माझं मुख्य काम. साधारण २९ अंशांच्या आसपास नर-मादी निम्मेनिम्मे निघतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढत जातात. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली आला, त्यात वयात न आलेल्यांपैकी ९९ टक्के माद्या निघाल्या. तो वाचून मी हादरलो होतो, पण माझ्या एका हंगामाच्या आकड्यांवरून आमच्या किनाऱ्याबद्दल काहीच म्हणता येत नव्हतं. एक हंगाम म्हणजे एक हंगाम. फेलोशिप संपल्यावर मी दुसरी नोकरी धरली, पण पुढची दोन वर्षं हंगामात रजा टाकून यंत्रं पुरायला गेलो. आता ते काम नव्या मुलीकडे आहे. तिला मी त्या बिघडलेल्या घरट्याचं पान आधी दाखवलं.

*

थोडक्यात लिहितो. चार वेळा नाकारला गेलो. पाचव्यांदा मिळाली. पहिल्या चार अर्जांत महासागर होता, पाचव्यात एक खाडी, एक प्रजात आणि मी मोजू शकेन असे तीन प्रश्न होते. शिफारसपत्रही मोठ्या नावाच्या प्राध्यापकांऐवजी ज्यांच्या हाताखाली मी खरोखर चिखलात उतरलो होतो त्यांच्याकडून घेतलं. नकार आला की कारण विचारा. चारपैकी दोघांनी सविस्तर उत्तर दिलं होतं.

*

मला पोहता येत नाही हे आधी सांगते, कारण कितीतरी मुली त्याच एका कारणानं अर्ज करत नाहीत.

माझं काम बंदरावर. शार्क आणि रे (पाकट) जातीचे कोणते मासे उतरतात, किती, केवढे, याची नोंद. पहाटे साडेचारला बोटी लागायच्या, आणि लिलाव सुरू व्हायच्या आत मोजमाप उरकायला हवं. शार्कची पूर्ण लांबी, रेची रुंदी, नर असेल तर वयात आलाय का ते बघायचं. सगळं ओल्या फरशीवर, दोन हातगाड्यांच्या मधल्या जागेत, कुणाच्याही पायात न येता.

पहिल्या दिवशी एका तांडेलकाकांनी वही बघून विचारलं, "तू लिहिणार, आणि उद्या आमच्या जाळ्यावर बंदी येणार, हो ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "नाही येणार" म्हणणं खोटं ठरलं असतं. मी सहा आठवडे वही काढलीच नाही. नुसती जात राहिले, बर्फाच्या पेट्या सरकवू लागले, जाळ्यांची नावं आणि वाऱ्यांची नावं शिकले. फेलोशिपच्या तिमाही अहवालात 'नोंदी: शून्य' लिहावं लागलं तेव्हा पोटात गोळा आला होता. मेंटॉरनी उलट उत्तर पाठवलं की हा अहवाल त्यांना सगळ्यात जास्त पटला.

नंतर ज्यांनी बंदीचं विचारलं होतं त्याच काकांनी एका पहाटे हाक मारली. एक मोठी गिटारफिश, म्हणजे रेच्याच गटातली, उतरली होती, पोट फुगलेलं. या माशांना जिवंत पिल्लं होतात. कापल्यावर आतून सात निघाली, तळहाताहून थोडी मोठी, अंगावर ठिपके स्पष्ट उमटलेले. फरशीवर क्षणभर सगळे गप्प झाले. काका म्हणाले, पूर्वी ही जाळ्यात भरपूर यायची, आता महिन्यातून एखादी. २०१९ पासून यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे हे मी सांगितलं. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मला जे सांगितलं ते मात्र मी कुठल्याच निबंधात वाचलं नव्हतं: पोटुशा माद्या कोणत्या महिन्यात आणि किती खोल पाण्यात सापडतात ते.

वर्षाच्या शेवटी मी सगळ्या नोंदींचा एक मोठा तक्ता करून बंदरावर लावला, इंग्रजी अहवालाच्या आधी. तेराव्या महिन्यात काकांचा फोन आला. जाळ्यात जिवंत आलेली एक मादी त्यांनी परत सोडली होती आणि तारीख, वेळ, खोली मला लिहून घ्यायला सांगत होते. फोन अजूनही येतात. मला आता त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. पण वही चालू आहे.

*

मी कायद्याची विद्यार्थिनी. समुद्र म्हणजे माझ्यासाठी कागद. मी फेलो असताना खुल्या समुद्राच्या, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्राच्या, संयुक्त राष्ट्रांतल्या कराराची चर्चा शेवटच्या टप्प्यात होती. माझं काम म्हणजे मसुद्याच्या दोन प्रतींमध्ये कोणता शब्द बदलला ते शोधून वरिष्ठांना सांगणं. 'करील' आणि 'करू शकेल' यांत देशांचं केवढं राजकारण असतं ते तिथे कळलं. ४ मार्च २०२३ च्या रात्री मसुदा ठरला, जूनमध्ये करार स्वीकारला गेला, तोवर माझी मुदत संपली होती. ६० देशांची मान्यता सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि १७ जानेवारी २०२६ ला करार लागू झाला. त्या दिवशी मी दुसऱ्याच नोकरीत होते. घरी येऊन जुनी फाइल उघडली आणि एका कलमातला एक स्वल्पविराम बघत बसले. तो मी दाखवून दिला होता.

*

मी हे क्षेत्र सोडलं, तेही इथे नोंदलं जावं. माझा स्टायपेंड एका संस्थेकडून पाच महिने उशिरा आला. त्या काळात मी उसने पैसे घेऊन बोटीचं भाडं भरलं. विचारलं की उत्तर मिळायचं, "या क्षेत्रात पॅशन लागते." ओढ माझ्याकडे होती, खोलीभाड्याचे पैसे नव्हते. ज्यांच्या घरून पैसे येत होते ते टिकले, आम्ही दोघं बाहेर पडलो. दोघंही चांगलं काम करत होतो. समितीवर असलेल्यांना माझी कळकळीची विनंती: पैसे पहिल्या तारखेला द्या, विमा द्या, आणि पाण्यात उतरणाऱ्या मुलाला एकटं उतरू देऊ नका. आणि अर्ज करणाऱ्यांनो, करारपत्रात हप्त्यांच्या तारखा नसतील तर सही करण्याआधी मागून घ्या. मागितल्यानं फेलोशिप जात नाही.

*

वरचं खिळ्यांचं वाचलं आणि राहवलं नाही. माझी फेलोशिप संपून तीन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. माझ्या जागी आलेली फेलो होती, आवाजात संकोच. "ताई, तुमच्या डाटाशीटमध्ये २१२ वसाहतींपुढे 'अर्ध' लिहिलंय. म्हणजे अर्धी ब्लीच झालेली, की चौकटीत अर्धीच आलेली?"

मला आठवेना. खरंच आठवेना. पहिला अर्थ धरला तर त्या वर्षीचं नुकसान खूप मोठं दिसत होतं, दुसरा धरला तर जवळजवळ काहीच नाही. मी त्या आकड्यांवर भाषणं दिली होती, पण कच्च्या तक्त्यात काय लिहिलंय हे फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि डोक्यातून ते पुसलं गेलं होतं. तीन दिवस जुन्या हार्ड डिस्कमधले फोटो काढून आम्ही दोघींनी एकेक वसाहत पडताळली, ती तिकडे, मी इकडे, फोन कानाला. १७१ चौकटीत अर्ध्या आलेल्या होत्या. बाकीच्या ४१ खरोखर अर्ध्या पांढऱ्या. एकाच शब्दात मी दोन गोष्टी कोंबल्या होत्या.

तिनं तक्त्यात दोन वेगळे रकाने केले, वर पूर्ण शब्दांत अर्थ लिहिला आणि खाली दोघींची नावं आणि तारीख टाकली. परवा तिचा मेसेज आला, तिचीही मुदत या महिन्यात संपते आहे. नव्या मुलाला ती तो तक्ता समजावून सांगणार आहे, आणि मला विचारत होती की मीही कॉलवर असेन का. रविवारी सकाळी नऊची वेळ ठरली आहे.