सीएलएलच्या रुग्णात कानशिलावरचा स्क्वॅमस कॅन्सर पुन्हा उलटला, रेडिएशन कसं आखावं?

प्रश्न – रेडिओथेरपी निवासी
रुग्ण सत्तरीपुढचे, सीएलएल (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा रक्ताचा कॅन्सर), त्यासाठी इब्रुटिनिब हे औषध चालू आहे. डाव्या कानशिलावरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेचा कॅन्सर) उलटल्यामुळे दुसऱ्यांदा काढला आणि स्किन ग्राफ्ट लावली. कडा मोकळ्या, पण ०.२ मिमी जाडीच्या नसेभोवती (मज्जातंतूभोवती) कॅन्सरपेशी आहेत. पांढऱ्या पेशी ८०,००० (बहुतेक लिम्फोसाइट), प्लेटलेट १,१०,०००. मानेत दोन्ही बाजूंना गाठी लागतात. रक्ताचा आजार म्हणून फील्ड (किरण द्यायचा भाग) लहान ठेवावं का? डोस किती? आमच्याकडे फक्त कोबाल्ट (रेडिएशनचं जुन्या पद्धतीचं मशीन) आहे.

उत्तर १ – पॅथॉलॉजी
आधी गाठींचा निकाल लावा. सीएलएलमध्ये मानेत गाठी असणारच, म्हणून त्या सगळ्या सीएलएलच्याच असं धरून चालणं हीच मोठी चूक ठरते. डावीकडची कानापुढची किंवा जबड्याखालची गाठ टणक, एकटीच वाढणारी असेल तर सोनोग्राफीखाली सुई घालून तपासा. पेट स्कॅनवर सीएलएलच्या गाठी सहसा फिक्या दिसतात. एखादीच ठळक पेटली तर कॅन्सर पसरलाय किंवा रिश्टर (सीएलएलचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर) झालाय, हे बायोप्सीवरूनच कळेल.

मोकळ्या कडांची स्लाइडही परत बघायला सांगा. सीएलएलचे लिम्फोसाइट त्वचेच्या कॅन्सरभोवती इतके दाटतात की त्यांच्यात लपलेल्या चार-दोन कॅन्सरपेशी साध्या स्टेनवर निसटतात. सायटोकेरॅटिन (स्क्वॅमस पेशींतलं प्रथिन) स्टेन लावला की त्या उठून दिसतात.

उत्तर २ – रेडिएशन ऑन्कॉलॉजी
फील्ड लहान ठेवू नका, डॉक्टर. सीएलएलमध्ये हा कॅन्सर जास्त उलटतो आणि जास्त आक्रमक असतो. शिवाय चेहऱ्यावरच्या मर्यादित फील्डखाली अस्थिमज्जा फारशी येत नाही, त्यामुळे रक्त कोसळण्याची भीती कमी. ८०,००० लिम्फोसाइट हे उपचार थांबवायचं कारण नव्हे. लक्ष न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेटवर ठेवा, दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा.

उलटलेला आणि ०.१ मिमीपेक्षा जाड नसेत गेलेला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायलाच हवं. ६० ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) ३० फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या हप्त्यांत; रोजची ये-जा झेपत नसेल तर ५० ग्रे २० मध्ये. पूर्ण ग्राफ्ट आणि जुना व्रण धरून भोवती २ सेमी घ्या. गाठी नकारात्मक आल्या तरी पॅरोटिड (कानापुढची लाळग्रंथी) आणि मानेचा वरचा भाग घ्यायचा का, हे ट्यूमर बोर्डात (सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) ठरवा. चेहरा बधिर झाला असेल किंवा पापणी मिटत नसेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय करा. ऑरिक्युलोटेम्पोरल किंवा फेशियल नस आत गेलेली दिसली तर फील्ड कवटीच्या तळापर्यंत न्यावं लागेल.

सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) जोडू नका. फ्लुडाराबिन (सीएलएलचं केमो) पूर्वी दिलंय का, हे विचारा. ते त्वचेची प्रतिक्रिया तीव्र करू शकतं.

उत्तर ३ – मेडिकल फिजिक्स
कोबाल्टचा पूर्ण डोस साधारण ५ मिमी खोलीवर पोचतो, म्हणजे बोलस (त्वचेवर ठेवायचा थर) न लावता केलं तर त्वचेलाच कमी मिळतो, आणि रोग तर तिथेच आहे. ५ मिमी मेणाचा बोलस ग्राफ्टला घट्ट चिकटवा. कानाच्या खोलगटात ओलं गॉज भरा; हवेची पोकळी राहिली की डोस बिघडतो. गॉज रोज सारखंच ओलं असावं.

जमत असेल तर लाइनॅकवर (इलेक्ट्रॉनही देता येणारं रेडिएशन मशीन) पाठवा. इलेक्ट्रॉनसाठी ९ एमईव्ही ऊर्जेची ९० टक्के रेषा (जिथपर्यंत ९० टक्के डोस पोचतो) साधारण २.८ सेमीवर, म्हणून १ सेमी बोलसखाली १.८ सेमी उरतात. ही रेषा खोलीत कडांकडून आत सरकते, त्यामुळे कटआउट (किरणांना आकार देणारी चौकट) टार्गेटपेक्षा मोठं कापा. डोळ्याच्या शील्डवर मेणाचा थर हवाच, नाहीतर शिशावरून उलटलेले इलेक्ट्रॉन पापणीला भाजतात. नसेचा मार्ग घ्यायचा असेल तर इलेक्ट्रॉन पुरणार नाहीत, बोलससह आयएमआरटी (टार्गेटच्या आकारानुसार डोस देणारं रेडिएशन) हवी.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. ग्राफ्टनंतर किती थांबावं? आणि इब्रुटिनिबचं काय?

उत्तर ४ – रेडिएशन ऑन्कॉलॉजी
ग्राफ्ट पूर्ण धरली की सुरू करा, साधारण ४ ते ६ आठवड्यांत. ८ च्या पलीकडे जाऊ देऊ नका. मध्ये सुट्टी पडली तर ती भरून काढा, एका दिवशी दोन फ्रॅक्शन द्यायचे तर ६ तासांचं अंतर हवं. इब्रुटिनिबमुळे रक्तस्राव वाढतो, म्हणून बायोप्सीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते हिमॅटॉलॉजिस्टकडून ठरवून घ्या, स्वतःहून थांबवू नका.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, ती काळपट होते. हात लावून उष्णता बघा, दुखतंय का विचारा. खपल्या उपटू नका. पाण्याचे फोड पट्ट्यासारखे उठले तर रेडिएशनचीच प्रतिक्रिया म्हणून सोडून देऊ नका. सीएलएलमध्ये नागीण सहज उठते, त्याच दिवशी अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करा.