नामदेव ढसाळ पुन्हा वाचायचे आहेत. सुरुवात कुठून करावी? (नाशिकचा वाचनगट)

गोदाकाठची:
मंडळी, सल्ला हवाय. इंदिरानगरला आमचा छोटा वाचनगट आहे. निम्मे पंचविशी-तिशीतले, बाकी आम्ही बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेले. पुढचे काही महिने ढसाळ वाचायचे असं ठरलंय. त्यांचा पहिला कवितासंग्रह 'गोलपिठा' मी कॉलेजात वाचला होता, तेव्हा तो अंगावर आला होता. आता भाषेचा धक्का तितका बसत नाही, पण पुढचं सगळं माहीत असल्यामुळे मधेच अडखळायला होतं. आणीबाणीत इंदिरा गांधींच्या बाजूनं लिहिलेली 'प्रियदर्शिनी', मग शिवसेनेशी जवळीक, 'सामना'तलं सदर, पद्मश्री. गटातला एक मुलगा सरळ म्हणाला, "मग वाचायचं कशाला?" क्रम सुचवा. नुसती कविता की गद्यही? सोबत आणखी काय?

सातपूरकर:
'गोलपिठा' (१९७२) पासूनच, आणि मोठ्यानं वाचा. मनात वाचलं की त्या ओळींचा दम कळत नाही. नाटककार विजय तेंडुलकरांची प्रस्तावना मात्र कविता वाचून झाल्यावर. ढसाळांबरोबर ते कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत फिरले होते, शब्दांचे अर्थही त्यांनी विचारून घेतले होते. प्रस्तावना प्रामाणिकच आहे, पण आधी वाचली तर कामाठीपुरा तुम्हाला पाहुण्याच्या नजरेनं दिसतो. त्यानंतर थेट 'तुही इयत्ता कंची' (१९८१). 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' जरा थांबून घ्या. ते नाव माओनं सांगितलेल्या चिनी गोष्टीवरून आलंय, तेव्हाचं डावं वातावरण माहीत नसेल तर मुलं गोंधळतील.

मनमाड_जंक्शन:
नुसत्या कवितांचा मार्ग मला पटत नाही. आमच्या प्राध्यापकांनी तेच केलं, ढसाळ म्हणजे परीक्षेतले 'विद्रोही कवी' होऊन बसले. माणूस संघटना चालवत होता हो! दलित पँथर मुंबईत उभी राहिली तीही १९७२ मध्येच. म्हणून आधी पँथरचेच दुसरे नेते राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख वाचा. 'साधना' साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या अंकातला. 'साधना'चे जुने अंक डिजिटल झालेत, शोधायला त्रास नाही. मग १९७३ चा पँथरचा जाहीरनामा. त्यात 'दलित' म्हणजे अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध तर आहेतच, शिवाय कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रियाही आहेत. ही व्याख्या ढाले गटाला कम्युनिस्ट वळणाची वाटली. बुद्ध-आंबेडकर की मार्क्सही, यावर वाजलं आणि १९७४ मध्ये संघटना फुटली. तुमच्या त्या मुलाला दोन्ही बाजू वाचायला द्या आणि कोणाचं बरोबर ते त्यालाच विचारा. तावातावानं भांडेल बघा.

विजया_ना:
ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचं आत्मकथन 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) यादीत कसं नाही कुणाच्या? ढसाळ हयात असताना, त्यांच्याशी संसार चालू असताना त्या बाईनं घरातली मारहाण आणि आजारपणं स्वतःच्या नावानं लिहून काढली. 'पूरक वाचन' म्हणून शेवटी ढकलू नका, 'गोलपिठा'नंतर लगेच घ्या. त्या कवितांतल्या बायकांबद्दल इतक्या मायेनं लिहिणारा माणूस आणि या पुस्तकातला नवरा एकच आहे. गटातल्या मुली हे बोलतीलच, तुम्ही टाळलंत तरी.

सातपूरकर:
विजयाताई, पुस्तक जबरदस्त आहे, वाद नाही. पण त्यावरून कविता तोलायची का?

विजया_ना:
तोला नाहीतर नका तोलू. पण बाहेरच्या अन्यायाबद्दल लिहिलेलं वाचायचं आणि घरातला विषय निघाला की 'खासगी' म्हणायचं, हे मला जमत नाही.

कांद्याचा_लिलाव:
राजकारणाबद्दल दोन शब्द. पँथरच्या पोरांवर तेव्हा खटल्यांचा ढीग होता, हे आजच्या मुलांना कुणी सांगत नाही. १९८१ पासून ढसाळांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार होता, तो शेवटपर्यंत, २०१४ पर्यंत. यानं 'प्रियदर्शिनी' माफ होते असं मी म्हणत नाही. मला ती कविता आजही पचत नाही. पण ती टाळू नका, गटात वाचाच. 'सामना'तल्या सदराचं 'सर्व काही समष्टीसाठी' हे पुस्तकही चाळा. कुठे दिसतं त्यापेक्षा त्यात काय लिहिलंय ते पाहा, काही पानं चांगलीच बोचतात. वेळ कमी असेल तर मधले संग्रह सोडा, 'तुझे बोट धरून चाललो आहे' सोडू नका. बाबासाहेबांशी बोलणारा तो ढसाळ वेगळाच आहे.

विहितगाव_फाटा:
नाशिकचा गट आणि दलित कथाकार बाबूराव बागुलांचं नावही नाही? आमच्या विहितगावचा माणूस! 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं, म्हणजे 'गोलपिठा'च्या नऊ वर्षं आधीचं. 'मरण स्वस्त होत आहे' मधली मुंबईची झोपडपट्टी आधी वाचा, मग ढसाळ आकाशातून पडले असं वाटणार नाही. आणि बैठक कायम इंदिरानगरच्या हॉलमध्येच कशाला? एकदा पंचवटीत ठेवा, काळाराम मंदिराच्या जवळपास. १९३० चा सत्याग्रह तिथला. पुस्तकांसाठी आधी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात विचारा. तिथे नाही मिळालं तर कुणा जुन्या कार्यकर्त्याच्या घरी नक्की असेल, फक्त परत करायची हमी द्या, या लोकांची पुस्तकं फार गेली आहेत अशी.

गोदाकाठची:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आधी बागुल, मग ढाल्यांचा लेख आणि जाहीरनामा, मग 'गोलपिठा', त्याला लागून मल्लिकाताई. 'प्रियदर्शिनी'च्या दिवशी तो मुलगाच वाचून दाखवणार आहे, स्वतःहून म्हणाला. एक अडचण राहिली. नंतरच्या यादीत 'गांडू बगीचा' आहे. गटाच्या व्हॉट्सअॅपवर हे नाव तसंच टाकू का? एका सभासदाच्या सासूबाई आहेत त्यात.

विजया_ना:
तसंच टाका. सासूबाईंनी आधीच वाचलेलं निघेल.